मागेही पुढचेच पाटे

खडकाळ वाटेवरचे बैलगाडीचे हिसके आपण सारेच जाणतो. जुन्या मोटारींत ते पोलादी पाटे सोसत.

१९४६ साली, युद्धानंतरच्या टंचाईत, लंडनजवळील सर्बिटन येथे चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी शर्यतीची मोटार बांधायला घेतली. नवे सामान दुर्मिळ. मग काय केले? दोन फियाट टोपोलिनो गाड्यांचे पुढचे भाग घेऊन पाठीला पाठ जोडले! पुढचा आडवा पाटा असा मागेही आला आणि मागचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खालीवर होऊ लागले. मोटारसायकलीचे ५०० सी.सी. इंजिन साखळीच्या सोयीसाठी चालकाच्या मागे बसले. १९५९ साली जॅक ब्रॅबम मागे इंजिन असलेल्या कूपर गाडीतूनच जगज्जेते ठरले.

गुरुजी, मुलांना हे जरूर सांगा: सामान परके असले तरी चालते, जोडणारा मात्र जाणता हवा.