वाळूजकडील नाणेंशोध : यंत्र, ओळख व स्थळनोंद

वाळूज हें गांव छत्रपती संभाजीनगराहून अहिल्यानगरास जाणाऱ्या हमरस्त्यावर असून सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे हल्लींचें पैठण, येथून दक्षिणेस फार दूर नाहीं. या टापूंत नांगराखालीं जुनें नाणें निघाल्यास नवल नाहीं. धातुशोधक यंत्र घेऊन हौसेनें हिंडणारांसाठीं हें टिपण आहे.

यंत्रांतील तारेच्या वेटोळ्यांतून दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह वाहतो. त्यामुळें जवळच्या धातूंतहि प्रवाह उत्पन्न होतो व यंत्र वाजतें. कारखान्यांच्या वसाहतीलगत बहुधा खिळेच हातीं लागावयाचे. धातु कोठें आहे एवढेंच यंत्र सांगतें. तो कोणाचा व केव्हांचा, हें सांगत नाहीं.

तें नाण्यावरूनच ओळखावें. सातवाहनांचीं नाणीं बहुधा शिशाचीं, तांब्याचीं किंवा मिश्रधातूचीं असतात. सोंड उंचावलेला हत्ती, पाठीमागें उज्जयिनी-चिन्ह व ‘रञो’ या प्राकृत पदानें आरंभ होणारा ब्राह्मी लेख, या खुणा पाहाव्या. वजन व व्यास नोंदावे. एका जुन्या विद्यार्थ्यानें मजकडे आणलेलें नाणें चिंचेनें घासलेलें होतें. हत्ती उरला, लेख गेला. आणि तें कोणत्या शेतांतलें, हेंहि त्यास सांगतां येईना.

स्थळ व समूह यांचें मोल जोगलटेंभीच्या साठ्यावरून कळतें. नाशिक जिल्ह्यांतील या गांवीं इ. स. १९०६ मध्यें क्षत्रप नहपानाचीं सुमारें १३,२५० रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपलीं चिन्हें पुन्हां ठोकलेलीं आढळलीं. क्षहरात वंशाचा उच्छेद त्यानें केला, हें नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखाचें विधान या नाण्यांनीं दृढ केलें. हा साठा घरोघर वांटला जाऊन सोनाराच्या मुशींत गेला असता, तर ही साक्ष कायमची बुडाली असती.

दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधि सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणें १८७८ च्या कायद्यानें आवश्यक आहे. संरक्षित स्थळीं विनापरवाना खणण्यास १९५८ च्या कायद्याची बंदी आहे. पण कायद्याबाहेरच्या पांढरीच्या टेकाडांतहि खणूं नये. एकदां थर मोडला कीं तो पुन्हां जुळत नाहीं. नांगरटींत वर आलेलें नाणें मात्र न घासतां कागदांत गुंडाळावें, व त्यावर गांव, गट क्रमांक आणि तारीख लिहावी. स्थानभ्रष्ट नाणें हें केवळ धातूचा तुकडा. स्थळासह नोंदलेलें नाणें हा पुरावा होय.