पैसा आणि गोम

वीस वर्षे बँकेत पैसे मोजले, पण पैसा मला ओळखता आला नाही. साहेबांसमोर ही कबुली मी देणार नाही. वाचकांना सांगतो, कारण वाचक गोपनीय अहवाल लिहीत नाहीत.

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीला माझी बदली झाली. पहिल्याच पावसात न्हाणीघरात काळसर, गोल अंगाचे, असंख्य पायांचे पाहुणे आले. "गोम!" म्हणून ओरडत मी चपलेने आठवडाभरात तेरा जणांचा हिशेब चुकता केला. चौदाव्याने नाण्यासारखे वेटोळे केले, तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "सायेब, त्यो पैसा हाय. कशाला मारालाव? गोम चपटी असती, अन् पळती."

मी पडलो कॉमर्सवाला. तोंडी पुरावा आम्हाला चालत नाही. मी जुनी दप्तरे काढली.

सुश्रुतसंहितेत 'शतपदी'चे ८ प्रकार आहेत. शतपदी म्हणजे शंभर पायांची. लॅटिनवरून आलेल्या 'सेंटिपीड'चा अर्थही तोच. दोन्हीकडचा मोजणारा कारकून रजेवर असावा! गोमेच्या अंगाच्या एका वळ्याला पायांची एक जोडी, आणि जोड्यांची संख्या विषम : १५ पासून १९१ पर्यंत. शंभर पाय म्हणजे ५० जोड्या, म्हणजे सम. ताळेबंद जुळणार कसा? पैशाच्या बहुतेक वळ्यांना दोन-दोन जोड्या. त्याच्या 'मिलिपीड' या नावावर तर हजार पाय जमा दाखवलेले. पण खरोखर हजारावर पाय मोजले गेले ते २०२१ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीखाली ६० मीटरवर सापडलेल्या एका जातीत. पाय भरले १३०६. तोवर सगळा ओव्हरड्राफ्ट!

लिनियसने १७५८ मध्ये दोघांना नावे वेगळी दिली, पण ठेवले बिनपंखी कीटकांच्या एकाच कपाटात. गोमेच्या वर्गाचे स्वतंत्र खाते १८१७ मध्ये उघडले, पैशाचे १८४४ मध्ये. आजींनी हेच काम उंबऱ्यावर उभ्या उभ्या उरकले होते, तेही पाय न मोजता.

हा इतिहास मी घरात ऐटीत सांगितला. "पैसा चावत नाही," हे मुलीने नीट ऐकले. गोम कशी असते, ते सांगायचे माझ्याकडून राहिले. खरी गोम तिथेच होती. दोन दिवसांनी शाळेच्या बुटात काहीतरी वळवळले. "बाबा, पैसा!" म्हणत तिने हात घातला.

तो पैसा नव्हता. तांबूस, चपटी गोम सळसळत गेली ती फडताळाखाली. तिच्या पायांची पहिली जोडी म्हणजे विषाच्या नांग्याच. बोट टम्म सुजले, पोर रात्रभर कण्हत राहिली. साबणाने धुणे, थंड पाण्याच्या घड्या, डॉक्टर, गोळी. सकाळी सूज उतरली. माझी मान मात्र उतरलेलीच राहिली. तेरा निरपराध मारले आणि गुन्हेगाराला बुटात बिऱ्हाड दिले!

आता आम्ही बूट आपटून घालतो. पैशाला सुपलीत घेऊन बाहेर सोडतो आणि हात धुतो, कारण त्याच्या अंगातून सुटणारा द्रव डोळ्यात गेला तर झोंबतो. तो कुजका पाला खातो; मात्र सोयाबीनचे कोवळे कोंब कुरतडतो, म्हणून शेतकऱ्याला त्याचे कौतुक नाही. गोम झुरळे खाते, म्हणून तिलाही सरसकट शिव्या देत नाही.

आजींचा नियम मुलीला पाठ आहे : गुंडाळतो तो पैसा, पळते ती गोम. परवा एक तारखेला तिने माझ्या पगाराचे पाकीट पाहिले, दहा तारखेला पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला बँकेत गोमच देतात!"