हातांच्या खुणांतून अक्षरांकडे

ऐकू येणाऱ्या बालकास ‘पाणी’ हा शब्द अक्षरओळखीपूर्वीच ठाऊक असतो. शाळेत त्या परिचित ध्वनीला केवळ रूप लाभते. जन्मतः कर्णबधिर असलेल्या बालकापुढे मात्र तीच अक्षरे निव्वळ रेघोट्या म्हणून येतात. मग त्याने वाचावे कसे?

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार पॅरिसमध्ये १७६०च्या सुमारास सुरू झाला. आबे द लेपे या धर्मगुरूंनी दोन कर्णबधिर बहिणींना शिकविताना त्यांच्या खुणांचाच आधार घेतला. मात्र फ्रेंच व्याकरणातील लिंग, काळ इत्यादींसाठी त्यांनी स्वतः वेगळ्या खुणा रचल्या. परिणामी विद्यार्थी शुद्ध फ्रेंच उतरवून घेत, पण स्वतःचे वाक्य लिहिताना अडखळत.

पुढील पाऊल ज्याँ मास्यू या मेंढपाळ मुलाच्या शिक्षणात पडले. हा मुलगा मेंढ्या बोटांवर मोजी आणि दहाच्या पुढे काठीवर खाचा पाडी. (गाठी मोजताना भिंतीवर रेघा ओढणारे हमाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.) पुस्तक उलटे धरून, आपणास वाचता येत नाही, शाळेत पाठवा, असे त्याने वडिलांना खुणांनी विनविले, बहिऱ्या-मुक्याला काय शिकता येणार, म्हणून त्यांनी नकार दिला. अखेर वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास तो बोर्दोच्या शाळेत आबे सिकार यांच्या हाती आला. सिकार फळ्यावर वस्तूचे चित्र काढीत, त्या आकृतीतच तिच्या नावाची अक्षरे लिहीत आणि मग चित्राच्या रेषा पुसून टाकीत. वस्तू गेली, शब्द उरला! मास्यू पुढे स्वतः शिक्षक झाले. त्यांचे कर्णबधिर शिष्य लॉराँ क्लेर यांनी गॅलॉडेट यांच्यासह १८१७ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे शाळा उघडली.

अशी परंपरा रुजत असतानाच १८८० च्या मिलान परिषदेने खुणांऐवजी मुखाने बोलण्याच्या शिक्षणास श्रेष्ठ ठरविले. निर्णय घेणारे जवळजवळ सर्वजण ऐकू येणारे होते. युरोपातील अनेक शाळांतून कर्णबधिर शिक्षक दूर झाले आणि मुलांची उमेदीची वर्षे उच्चार घोटण्यात गेली. हा केवळ मतभेद नव्हता, अन्यायच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त होण्यास २०१० सालची व्हँकूव्हर परिषद उजाडावी लागली.

भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण स्वतंत्र आहे. ‘तू कुठे जातोस?’ या प्रश्नातील ‘कुठे’ची खूण तीत शेवटी येते; विभक्तीप्रत्यय तर नाहीतच. म्हणून या मुलांसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा ठरते. जाणते शिक्षक गोष्ट आधी खुणांनी सांगतात. मग छापील शब्दावर बोट ठेवून त्याची अक्षरे बोटांनी दाखवितात व पुन्हा अर्थाची खूण करतात. ‘ने’, ‘ला’, ‘चा’ यांसारख्या प्रत्ययांवर अधिक वेळ द्यावा लागतो, कारण खुणेत त्यांना जोडच नसते.

मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ मध्येच निघाली होती. भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था मात्र दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाली, आणि शालेय पाठ्यपुस्तके या भाषेत आणण्याचा तिचा एनसीईआरटीशी करार झाला तो २०२० मध्ये.