वैद्यकाचा विद्यार्थी आणि त्याचा अभ्यासक्रम

डॉक्टर होऊं इच्छिणाऱ्या मुलानें आधीं काय शिकावें, मागाहून काय शिकावें, रोग्याच्या खाटेपाशीं त्याला केव्हां उभें करावें, आणि हें सारें त्याला कोणीं सांगावें, हा प्रश्न वरवर पाहतां कॉलेजच्या कचेरींतील वेळापत्रकाचा वाटतो. परंतु मुंबई इलाख्यांत वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ एकदां नव्हे, दोनदां झाला. पहिला आरंभ फसला आणि दुसरा टिकला, याचें बरेंचसें मर्म याच प्रश्नांत आहे.

पहिला आरंभ १८२६ सालचा. लष्करांत आणि मुलकी दवाखान्यांत इंग्रज डॉक्टरांच्या हाताखालीं काम करतील असे देशी वैद्य कंपनी सरकारला हवे होते. तेवढ्यासाठीं मुंबईंत एक वैद्यकीय शाळा काढण्यांत आली व जॉन मॅक्लेनन या शस्त्रवैद्याकडे तिची व्यवस्था सोंपविण्यांत आली. शिक्षण देशी भाषांतून द्यावयाचें होतें. पण मराठींत शरीररचनेवर किंवा पाश्चात्य औषधिद्रव्यांवर तेव्हां पुस्तक कोठलें असणार! मॅक्लेनन यांनीं इंग्रजी ग्रंथ मराठींत आणण्याचा खटाटोप केला. परक्या देशांत येऊन, परकी भाषा शिकून, तिच्यांत नवें शास्त्र उभें करूं पाहणाऱ्या या गृहस्थाचें नांव आज फारसें कोणास ठाऊक नाहीं, ही खेदाची गोष्ट होय. सहा वर्षांनीं, १८३२ सालीं, शाळा बंद पडली.

या अपयशाचें खापर मराठीच्या माथ्यावर फोडणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. शाळेचा सगळा भार एका माणसाच्या खांद्यावर होता. विद्यार्थी येत ते कोणत्या तयारीनें येत, याचा विचार झाला नव्हता. ज्याला पदार्थविज्ञानाचा गंध नाहीं त्याला औषधांचे गुणधर्म पाठ करून घेण्यापलीकडे गति नसते. आणि शाळेचा हेतूच मुळीं दुय्यम नोकर तयार करण्याचा. मग विद्यार्थ्याची दृष्टि त्याहून वर कशी जावी?

कलकत्त्यासही हाच अनुभव आला. तेथें १८२२ सालीं निघालेली तशीच एक शाळा लॉर्ड बेंटिंक यांनीं १८३५ सालीं मोडली आणि इंग्रजींतून शिकविणारें मेडिकल कॉलेज स्थापिलें. दुसऱ्याच वर्षीं पंडित मधुसूदन गुप्त यांनीं तेथें शवविच्छेदन केलें. मूळचे आयुर्वेदाचे अध्यापक असलेल्या एका पंडितानें हें करावें, तेव्हां हिंदु विद्यार्थी प्रेतास शिवणार नाहीं ही समजूत किती अपुरी होती हें सर्वांस दिसून आलें.

याच सुमारास सर रॉबर्ट ग्रँट मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्या पदरीं डॉक्टर म्हणून चार्ल्स मोरहेड हा तरुण होता. मोरहेड एडिंबरोस शिकलेला. पुढें पॅरिसला लुई या नामांकित वैद्याच्या हाताखालीं त्यानें अभ्यास केला होता. लुई यांचा आग्रह असा कीं, वैद्यानें तर्क लढविण्यापूर्वीं रोगी पाहावे, त्यांची नोंद ठेवावी, आंकडे मांडावे, आणि मगच मत द्यावें. हा संस्कार मोरहेडनें जन्मभर जपला. ग्रँट यांच्या आश्रयानें त्यानें देशी लोकांच्या वैद्यकीय शिक्षणाचा प्रश्न हातीं घेतला. परंतु १८३८ सालीं पुण्याजवळ दापोडी येथें ग्रँट यांना मृत्यु आला, आणि योजना कागदावरच राहते कीं काय अशी भीति पडली. मुंबईच्या नागरिकांनीं सभा भरवून वर्गणी केली आणि दिवंगत गव्हर्नरांचें स्मारक म्हणून मेडिकल कॉलेजच काढावें असें ठरविलें. जमशेटजी जिजीभाई यांनीं रुग्णालयासाठीं एक लाख रुपये देऊं केले. सरकारनें तितकीच भर घातली. रुग्णालयाची कोनशिला जानेवारी १८४३ मध्यें बसली, कॉलेजची त्याच वर्षीं मार्चमध्यें. प्रत्यक्ष शिकवणूक सुरू झाली ती नोव्हेंबर १८४५ मध्यें.

मोरहेड हे कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल. त्यांच्या जोडीला शारीर व शस्त्रवैद्यक शिकविण्यास पीट, आणि रसायन व औषधिद्रव्यें शिकविण्यास जिरॉड, असे तिघेच अध्यापक आरंभीं होते. माणसें थोडीं; पण योजना पक्की. विद्यार्थी येण्यापूर्वींच त्याचें इंग्रजीचें व सामान्य विद्येचें शिक्षण झालेलें असावें, ही मोरहेड यांची पहिली अट. दुसरी त्याहून महत्त्वाची. कॉलेज आणि रुग्णालय शेजारींशेजारीं उभीं राहिलीं, हा काहीं जागेच्या सोयीचा प्रश्न नव्हता. व्याख्यानांत ऐकलेला ज्वर विद्यार्थ्यानें खाटेवरच्या माणसाच्या अंगीं ओळखावा, त्याच्या दुखण्याची दिवसानुदिवस नोंद ठेवावी, आणि तो दगावलाच तर आपलें निदान कोठें चुकलें हें पाहावें, अशी ही शिस्त होती. १८५६ सालीं मोरहेड यांनीं हिंदुस्थानांतील रोगांवर आपला मोठा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध केला, तो अशाच रुग्णालयांतील नोंदींच्या आधारावर.

पहिली परीक्षा १८५१ सालीं झाली व आठ जण तींत उतरले. भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग आणि अनंत चंद्रोबा डुकले हे तिघे. पाउलो गोमिश, सेबास्तियन कार्व्हाल्यो आणि लिझबोआ हे तिघे ख्रिस्ती. अंबाराम केवळराम हे गुजराती आणि मेरवानजी सोराबजी हे पारशी. एका वर्गांत अख्खी मुंबई सामावली होती म्हटलें तरी चालेल. यांपैकीं भाऊ दाजी मूळचे गोव्यांतील मांद्र्याचे. कॉलेजांत येण्यापूर्वीं ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें शिक्षक होते आणि काठेवाडांतील बालहत्येच्या चालीवरील निबंधाला त्यांनीं बक्षीसही मिळविलें होतें. म्हणजे नांवारूपास आलेला शिक्षक पुन्हां विद्यार्थी होऊन बाकावर बसला. आधींच्या तयारीविषयीं मोरहेड यांचा आग्रह किती सार्थ होता, याला याहून चांगला दाखला नाहीं. पास झाल्यावर सरकारी नोकरींत ते फार दिवस राहिले नाहींत. स्वतंत्र धंदा करूं लागले. महारोगावर त्यांनीं वनस्पतींच्या तेलाचे प्रयोग केले, जुने शिलालेख वाचले, आणि दोनदां मुंबईचे शेरीफ झाले. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानें १८६७ सालीं प्रार्थनासमाज स्थापन झाला. लिझबोआ वनस्पतिशास्त्रांत रमले.

मात्र ही आंखलेली वाट सर्वांना खुली नव्हती. स्त्रियांना ग्रँट मेडिकल कॉलेजचीं दारें उघडलीं तीं १८८३ सालीं, जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांच्या खटपटीनें. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस जाणाऱ्या बोटींत चढल्या. कोठें शिकावें, कसें जावें, हें सांगणारी कचेरी त्यांच्यासाठीं नव्हती. गोपाळरावांचें एक पत्र अमेरिकेंतील मिशनरी मासिकांत छापलें गेलें. दंतवैद्याकडे खोळंबून बसलेल्या कार्पेंटर नांवाच्या बाईंनीं तें सहज वाचलें, आणि त्यांतून पत्रव्यवहार, ओळख व पुढचें सारें घडलें. योगायोगावर एका विद्यार्थिनीचें भवितव्य किती अवलंबून असावें! फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजांत डीन रेचल बॉडली यांनीं मात्र तिला आधार दिला. मार्च १८८६ मध्यें आनंदीबाईंनीं पदवी घेतली. फेब्रुवारी १८८७ मध्यें त्या वारल्या.

पुरुष विद्यार्थ्यांतही एक फळी पडलीच. ग्रँट कॉलेजमध्यें १८६१ पासून मराठी व गुजराती वर्ग चालूं झाले. हॉस्पिटल असिस्टंट तयार करणें हा त्यांचा उद्देश. पुढें १८७८ मध्यें पुण्यास बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळा निघाली. विद्यापीठाची पदवी एकीकडे आणि कमी मुदतीची, कमी मानाची सनद दुसरीकडे, असे दोन रस्ते झाले. कोणत्या रस्त्यानें जावें हें मुलाच्या बुद्धीपेक्षां बापाची मिळकत आणि इंग्रजी शाळेचें अंतर हींच बहुधा ठरवीत. सनदवाल्यांना आयुष्यभर हाताखालचे म्हणून वागविलें गेलें. खेड्यापाड्यांतील रोग्यांचा भार पुष्कळदां त्यांनींच वाहिला. सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालच्या अहवालांत हा भेद मोडून देशभर एकच मूळ पदवी असावी अशी शिफारस केली. प्रत्येक विद्यार्थ्याला रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचें तीन महिन्यांचें शिक्षण द्यावें, असेंही सुचविलें. त्याच वर्षीं पुण्याच्या शाळेचें कॉलेज झालें.

त्यानंतर अभ्यासक्रम पुष्कळदां बदलला. २०१९ पासून देशांतील एम्.बी.बी.एस्.च्या विद्यार्थ्याला आरंभींचा काळ पायाभूत शिक्षणासाठीं दिला जातो, आणि पहिल्याच वर्षीं त्याला रोग्यांसमोर नेण्यांत येतें. त्या पायाभूत शिक्षणांत संगणकाबरोबर स्थानिक भाषेचाही समावेश आहे. महाराष्ट्रांतील कॉलेजांत परप्रांतीय विद्यार्थी तेव्हां मराठी शिकूं लागतात, कारण वॉर्डांतली म्हातारी आपलें दुखणें इंग्रजींत सांगत नाहीं.