घुमटाचं घर आणि कोंडाण्याचा पाऊस

आजचा भाग घरांवर आहे, आणि त्यातही गोल घरांवर. इन्स्टावर तुम्ही ती पाहिली असतील. डोंगरउतारावर पांढरा घुमट, आत पलंग, बाहेर धुकं. याला म्हणतात जिओडेसिक डोम. आपण साधं 'त्रिकोणांचा घुमट' म्हणू. आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यातही कॅम्पिंगच्या जागांवर असे घुमट दिसायला लागलेत. शनिवार-रविवार राहायला मजाच येते. पण अशा घरात ज्यांनी वर्षानुवर्षं संसार केला, त्यांचं काय झालं? आज तोच इतिहास बघू.

सुरुवात माझ्या गावापासून करतो. मी कर्जत तालुक्यातल्या कोंडाण्याचा. सिंहगडाचं जुनं नाव कोंढाणा, त्याच्याशी याची गल्लत करू नका. हे कोंडाणे राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात आहे. इथली बौद्ध लेणी साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या चैत्यगृहात गेलात तर आधी वर बघा. छत सपाट नाही, कमानदार आहे, पिंप आडवं ठेवून अर्धं कापावं तसं. आणि त्या दगडी छताला पूर्वी लाकडी वासे लावलेले होते. कार्ले आणि भाजे इथे असे वासे आजही बघायला मिळतात.

आता गंमत बघा. डोंगरच कोरून काढलेला, त्याला लाकडी वाशांचा आधार कशाला हवा? काही गरज नव्हती. पण त्या काळची मोठी सभागृहं लाकडाची असायची, वाकवलेल्या वाशांची. लोकांच्या डोळ्यांना छत म्हणजे वासे ही सवय होती. म्हणून दगडात कोरतानाही त्यांनी लाकूड आठवून कोरलं. ती मूळची लाकडी सभागृहं आज एकही उरलेली नाहीत. उरली ती त्यांची दगडी नक्कल. म्हणजे नुसता आकार चांगला असून भागत नाही. तो कशाचा बनवलाय, आणि पाऊस-वाळवीपासून त्याला कोण सांभाळतंय, यावर सगळं ठरतं.

लेण्याच्या दर्शनी भागात एक छोटा ब्राह्मी लेख आहे. त्याचा अर्थ असा लावतात, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. कारागिराने स्वतःचं नाव कोरलं आणि सोबत गुरूचंही. हे लक्षात ठेवा. विद्या कोणाकडून कोणाकडे गेली, हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

आता थेट विसाव्या शतकात, जर्मनीत येऊ. येना शहरात झाइस नावाची कंपनी, दुर्बिणी आणि भिंगं बनवणारी. त्यांना तारांगणासाठी आतून अगदी गोल पडदा हवा होता. वाल्थर बाउअर्सफेल्ड या इंजिनिअरने १९२२ च्या सुमारास लोखंडी सळ्यांची त्रिकोणी जाळी घुमटासारखी उभी केली आणि तिच्यावर काँक्रीटचा पातळ थर चढवला. हा जगातला पहिला जिओडेसिक घुमट मानला जातो. घर बांधायचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हता.

ती कल्पना घरापर्यंत आणली अमेरिकेतल्या बकमिन्स्टर फुलर यांनी. १९४८ मध्ये ब्लॅक माउंटन कॉलेजात विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी पहिला मोठा घुमट उभा करायचा प्रयत्न केला. तो उभाच राहिला नाही. पुढच्या वर्षी दुसरा राहिला. १९५४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. कमी साहित्यात जास्त जागा, कारखान्यात बनवा, ट्रकने न्या, काही दिवसांत जोडा, असं त्यांचं स्वप्न. महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, त्यामुळे लोकांना ते पटलंही.

यामागचं गणित सोपं आहे. वीस सारख्या त्रिकोणांचा एक चेंडू कल्पा. प्रत्येक त्रिकोणाचे चार करा, नवे कोपरे थोडे बाहेर ढकला, आणि चेंडू अर्धा कापा. तयार झाला सगळ्यात साधा घुमट: ४० त्रिकोण, ६५ दांड्या, २६ सांधे. आणि दांड्या फक्त दोन मापांच्या! २० फूट व्यासाचा घुमट असेल तर ३५ दांड्या सुमारे ६ फूट २ इंचांच्या आणि ३० दांड्या सुमारे साडेपाच फुटांच्या. चौकोन कोपऱ्यात ढकलला की तिरका होतो. त्रिकोण होत नाही. म्हणून एका दांडीवर आलेला भार सगळ्या जाळीत वाटला जातो. वारा आला, भूकंप आला, तरी सांगाडा सहसा दगा देत नाही.

इथे माझ्या चुलतभावाची गोष्ट सांगायलाच हवी. आम्ही त्याला दादा म्हणतो. राजमाचीला जाणाऱ्या ट्रेकर लोकांसाठी त्याला मुक्कामाची सोय करायची आहे. त्यासाठी कर्ज काढायची तयारी आहे, आणि डोक्यात घुमट बसलाय. मला म्हणाला, "तू इंजिनिअर ना, मग हिशोब करून दे." मी लॅपटॉप उघडला आणि केला.

२० फुटांच्या त्या साध्या घुमटात त्रिकोणी पत्रे बसवले, तर पत्र्याला पत्रा जिथे भिडतो त्या शिवणींची एकूण लांबी होते सुमारे ३१८ फूट. आतली जमीन मात्र ३०० चौरस फुटांच्याही आत. म्हणजे जवळपास प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट शिवण, आणि सगळी शिवण पावसात. आपल्या कौलारू घरात वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं, पाणी आपोआप घसरतं. घुमटात हे जमवणं कठीण, कारण प्रत्येक शिवण वेगळ्या दिशेला तिरकी. मग सगळी भिस्त सीलंटवर. दिवसा पत्रा तापून फुगतो, रात्री आकसतो, आणि सीलंटला भेगा पडतात.

दुसरा मुद्दा वळचणीचा. आपल्या घराचं छप्पर भिंतीच्या पुढे येतं, पागोळ्या अंगणात पडतात, भिंत कोरडी राहते. घुमटाला वळचणच नाही. त्याची भिंत हेच छप्पर. दार-खिडकी म्हणजे सरळ छपराला पाडलेलं भोक. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोंडाण्याच्या लेण्यांतसुद्धा बघा, पावसाळ्यात वरून येणारं पाणी लेण्यापुढे पडद्यासारखं खाली पडतं, कारण वरचा कडा पुढे आलेला आहे. डोंगरालाही वळचण आहे!

तिसरं, डोकं आपटण्याचं. अर्धा चेंडू सरळ जमिनीवर ठेवला, तर कडेची उंची कमी पडते. २० फुटी घुमटात सहा फुटी माणूस मधल्या १६ फुटांच्या वर्तुळातच ताठ उभा राहू शकतो. जमिनीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग वाकून वापरायचा. तिथे कपाट लावणार कसं? देवघर, ओटा, पलंग, सगळं चौकोनी. उपाय आहे, खाली तीन-चार फुटांची भिंत घेऊन घुमट तिच्यावर बसवायचा. पण मग खर्च वाढतो, आणि रीलमधलं 'आठ दिवसांत घर' तिथेच संपतं.

हे माझं लॅपटॉपवरचं गणित झालं. इतिहास काय सांगतो? १९५३ मध्ये फुलर यांनी डिअरबर्नला फोर्ड कंपनीच्या इमारतीवर ९३ फुटांचा घुमट बसवला. त्यानेच त्यांना नाव मिळवून दिलं. १९६२ मध्ये छपराची गळती रोखायचं काम चालू असताना आग लागली आणि इमारत जळाली. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनातला ७६ मीटर व्यासाचा त्यांचा घुमट तर जगभर गाजला. त्याला पारदर्शक ॲक्रिलिकचं आवरण होतं. १९७६ मध्ये दुरुस्तीच्या वेळी आग लागली आणि आवरण काही वेळात खाक झालं. पोलादी सांगाडा मात्र उभा राहिला, आजही आहे. दोन्ही वेळा आग लागली ती देखभालीचं काम चालू असताना.

मग राहणाऱ्यांची गोष्ट. कॅलिफोर्नियात लॉईड कान यांनी १९७० आणि १९७१ मध्ये घुमट कसे बांधावेत यावर दोन पुस्तकं काढली. ती वाचून असंख्य तरुणांनी स्वतःच्या हाताने घुमट बांधले. कान स्वतःही घुमटात राहिले. आणि मग त्यांनीच घुमटाची बाजू सोडली. गळती, चौकोनी प्लायवूड त्रिकोणात कापताना होणारी नासाडी, खोल्या पाडायची अडचण, ही त्यांची कारणं. आपल्या खपणाऱ्या पुस्तकाची छपाई त्यांनी थांबवली आणि १९७३ मध्ये जगभरच्या साध्या, पारंपरिक घरांवर नवं पुस्तक काढलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर डेमो झकास झाला, प्रॉडक्शनमध्ये बग निघत राहिले.

भारतातही हे वारं आलं. अहमदाबादला गौतम आणि गिरा साराभाई यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला फुलर यांच्या धर्तीवर कॅलिको मिलच्या दुकानासाठी घुमट उभारला. पुढे मिल बंद पडली, देखभाल थांबली, आणि घुमट कोसळला. म्हणजे सांगाडासुद्धा कायमचा नसतो. कोणीतरी लक्ष ठेवावं लागतं.

आता महाराष्ट्रात. शिरूर तालुक्यातलं पाबळ, पर्जन्यछायेतलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या गावच्या मुलांना हाताने काम करत शिकवायचं, हा उद्देश. तिथे लोखंडी दांड्यांचा घुमट, त्यावर जाळी आणि सिमेंटचा गिलावा, असं घर रुजलं. लोक त्याला 'पाबळ डोम' म्हणतात. लक्षात घ्या, ही पद्धत फुलर यांच्या सुट्या पत्र्यांपेक्षा येनाच्या जुन्या घुमटाला जवळची आहे. गिलावा सलग असतो, त्यामुळे ३१८ फुटांची शिवणच राहत नाही. चीर पडली तर भरायला गावातला गवंडी पुरतो. आणि मुख्य म्हणजे दांड्या कापणारी, वेल्डिंग करणारी मुलं तिथलीच. इथे मला लेण्यातला बलक आठवतो. घर बांधायची विद्या गावात उतरली, तर दुरुस्तीची विद्याही सोबत येते.

याच्या उलट काय होतं, ते किल्लारीने दाखवलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आणि वर मातीचं जड माळवद. सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास आठ हजार लोक गेले. त्यानंतर हलक्या घुमटाचं आकर्षण वाटणं साहजिकच होतं. त्या भागातल्या गुबाळ गावाला पुनर्वसनात घुमटाकार घरं मिळाली. हेतू चांगला होता. पण शेतकऱ्याचं घर म्हणजे नुसतं झोपायचं ठिकाण नसतं. धान्याची पोती, बैल, चूल, अंगण, लेकीसुनांची खोली, सगळं त्यात बसायला लागतं. गोल खोलीला पुढे खोली जोडता येत नाही. लोकांनी मग घुमटांना लागून आपल्या पद्धतीची चौकोनी बांधकामं केली. घुमट भूकंपाला टिकेल, पण शेजारच्या त्या भिंतीचं काय? हा धोका घुमटाच्या नकाशात कुठेच नव्हता, कारण राहणाऱ्याला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

हे आमच्याकडे जास्त जवळचं का वाटतं? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. दरडीपुढे कुठल्याच आकाराचं घर टिकत नाही, तिथे प्रश्न जागेचा असतो. पण वाचलेली माणसं आधी चौकजवळ कंटेनरमध्ये राहिली. ज्यांना कारवीच्या कुडाचं घर स्वतः बांधता येतं, दर उन्हाळ्यात शाकारता येतं, त्यांना बाहेरून तयार घर देताना गुबाळ आठवायला हवं. पुढच्या आपत्तीत कोणीतरी नक्कीच 'आठ दिवसांत घर'वालं प्रेझेंटेशन घेऊन येईल.

दादाला मी घुमट बांधू नको असं म्हटलं नाही. म्हटलं, बांधायचाच तर खाली भिंत घे, वरून सलग गिलावा कर, दारावर पुढे आलेलं छप्पर ठेव, आणि दर मे महिन्यात शिडी लावून वर कोण चढणार ते आत्ताच ठरव. आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "कौल फुटलं तर मी कर्जतहून आणून बसवते. ह्याचं काय फुटलं तर कोणाला फोन लावायचा?" सगळ्या इतिहासात मला याहून चांगला प्रश्न सापडला नाही. दादाचा निर्णय अजून व्हायचाय.

तर मंडळी, नवं घर दाखवणारा भेटला की आकार बघून खूश व्हायला हरकत नाही. पण तीन गोष्टी विचारा. पहिल्या पावसानंतरचे फोटो आहेत का? दुरुस्तीचं सामान आणि माणूस तालुक्यात मिळतो का? घरात माणसं वाढली तर खोली कुठे वाढणार? आणि कर्जतला आलात तर कोंडाण्याची लेणी नक्की बघा. पावसात दगड निसरडे असतात, जपून चढा. भेटू पुढच्या भागात!