नाणेसंग्रह : बारामती-इंदापूर परिसर

जुनी नाणी मिळवणे, ओळखणे आणि वर्गवारीने जतन करणे म्हणजे नाणेसंग्रह. या नाण्यांना इतिहासाचे साधन मानून त्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला नाणकशास्त्र म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांत या छंदाला मुख्य आधार मिळतो तो सत्तांतरांचा. इंदापूर व सुपे हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीत होते. १६३६ च्या तहाने निजामशाहीचा मुलूख मोगल व आदिलशहा यांच्यात वाटला गेला, पुढे येथे मराठ्यांचा अंमल बसला आणि १८१८ मध्ये पेशवाई संपून कंपनी सरकार आले. राज्य बदलले तरी चलनातील नाणी लगेच बाद होत नसत, कारण त्यांची किंमत मुख्यतः धातूच्या वजनावर व कसावर ठरे. त्यामुळे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये पारखून एकाच्या बदल्यात दुसरा देताना सराफ जी वजावट करीत, म्हणजे बट्टा घेत, तो व्यवहाराचा नित्य भाग होता. पेशव्यांचे सावकार व सोयरे बाबूजी नाईक जोशी हे बारामतीचेच. अशा पेढ्यांचे वैभव या सरमिसळ चलनावरही उभे होते.

संग्राहकांच्या सर्वाधिक परिचयाचे नाणे म्हणजे तांब्याची शिवराई. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. शिवकालानंतरही ती दीर्घकाळ पाडली गेल्याने अक्षरांचे वळण, लेखनातील चुका व चिन्हे यांत विलक्षण विविधता आढळते, आणि खरा रस या भेदांतच आहे. मजकुराच्या दोन ओळींमध्ये दुहेरी आडवी रेघ असलेला उत्तरकालीन प्रकार दुदांडी शिवराई म्हणून ओळखला जातो. चांदीच्या नाण्यांत हत्तीच्या अंकुशाचे चिन्ह असलेला अंकुशी रुपया विशेष प्रसिद्ध आहे. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया प्रमाण ठरल्यावर असे प्रादेशिक रुपये हळूहळू वितळवले गेले.

परदेशी नाणीही महाराष्ट्रातील घरांत आली, परंतु दागिन्यांच्या रूपाने. पुतळ्यांच्या माळेतील पुतळी ही मुळात व्हेनिसची, १२८४ पासून पाडली गेलेली सोन्याची मोहर असून तिच्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील शासक दिसतो. नंतरच्या माळांत मात्र सोनारांनी केलेल्या नकलाच अधिक असतात.

शिवकालीन सुवर्ण होन अतिशय दुर्मीळ असल्याने त्याच्या बनावट प्रती बाजारात फिरतात. जुनी नाणी ठसा ठोकून पाडलेली असत. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर पुष्कळदा जोडाची रेघ व पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात. तांब्याचे नाणे चिंचेने किंवा लिंबाने घासून उजळण्याची घरगुती रीत याहूनही घातक, कारण तिने काळाचा थर जातो आणि पुसट अक्षरेही झिजतात. शेतात नांगरताना किंवा जुना वाडा पाडताना सापडलेली नाणी कोठे, किती खोलीवर व कशाबरोबर मिळाली याची नोंद न होताच ती विकली गेली, तर त्यांचा निम्मा इतिहास तेथेच संपतो. १८७८ च्या भूमिगत धनविषयक कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे असे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवणे बंधनकारक आहे, तर शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगीरीत्या परदेशी पाठवण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे.