प्रश्न विचारणारी शाळा : होशंगाबादची तीस वर्षे आणि आपण

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपण दरवर्षी वस्तीचा आणि चळवळीचा इतिहास लिहितो. यंदा आम्ही एका शाळेचा, खरे म्हणजे शिकवण्याच्या एका पद्धतीचा इतिहास मांडत आहोत. विषय आहे सहावी, सातवी, आठवीच्या मुलांचा. आपल्या घराघरांत या वयाची मुले आहेत, म्हणून हा विषय आपलाच आहे.

निमित्त असे घडले. गेल्या चैत्रात विहाराच्या अंगणातल्या पिंपळाला नवी पालवी फुटली. अभ्यासिकेतल्या सातवीच्या एका मुलीने विचारले, "झाडाची पानं हिरवी असतात, मग ही कोवळी पानं तांबूस का?" आम्ही मोठी माणसे तिथेच वह्या तपासत बसलो होतो. आमच्यातून उत्तर गेले, "हे परीक्षेला येणार आहे का? आधी पाठांतर पूर्ण कर." पोरगी गप्प बसली. रात्री मात्र आम्हाला चुटपुट लागून राहिली. ज्या वृक्षाखाली तथागतांना संबोधी लाभली, त्या वृक्षाविषयीचा प्रश्न आम्ही विहाराच्या अंगणातच दाबून टाकला होता!

वास्तविक प्रश्न विचारणे हा आपला वारसा आहे. केसपुत्त गावच्या कालामांनी भगवान बुद्धांना विचारले, की इतके उपदेशक येतात, त्यांतला खरा कोणाचा मानावा? परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, अशा आशयाचा उपदेश तथागतांनी त्यांना केला. पुढे महात्मा फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत मुक्ता नावाची मांग समाजातली मुलगी शिकली. चौदा वर्षांच्या त्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना वेद वाचायचीही मनाई, त्यांचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिने त्यात केला. तीन वर्षांच्या शिक्षणाने एवढी ताकद येते. पण ते शिक्षण नुसते घोकंपट्टीचे नव्हते.

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या आणि आपली मुले वर्गात बसू लागली. गोणपाट घेऊन वेगळे बसण्याचे जे दुःख बाबासाहेबांनी लहानपणी भोगले, ते कायद्याने तरी संपले. पण वर्गात मास्तर सांगणार, मुले लिहून घेणार आणि परीक्षेत तेच उतरवणार, हा रिवाज कायम राहिला. तो मोडण्याचा एक मोठा प्रयत्न मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात झाला. या जिल्ह्याला आता नर्मदापुरम म्हणतात.

सन १९७२. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून आलेले शास्त्रज्ञ डॉ. अनिल सद्गोपाल यांची 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी सरकारची परवानगी घेऊन १६ सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली. तिकडे माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवी. या शाळा खेड्यातल्या होत्या आणि तिथे शेतकऱ्यांची, मजुरांची पोरे शिकत होती. मुंबईचे आणि दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सुट्टीत तिथे जाऊन राहत आणि शिक्षकांबरोबर बसून धडे तयार करीत.

पद्धत अशी, की चार-चार मुलांची टोळी करायची, प्रयोग मुलांनीच करायचा आणि जे दिसेल ते स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवायचे. पुस्तकाचे नाव होते 'बाल वैज्ञानिक'. त्यात प्रश्न असत, तयार उत्तरे नसत. बी रुजवून बघायचे, पाने गोळा करून त्यांचे गट पाडायचे, शेतात आणि नदीकाठी फिरून निरीक्षण करायचे. साहित्य महाग नको, म्हणून टाचणीच्या जागी बाभळीचा काटा चाले. पुण्याच्या टेल्कोत काम करणारे अभियंता अरविंद गुप्ता १९७८ साली तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी भूमितीचे आकार करून दाखवले. हेच गुप्ता सर पुढे पुण्याच्या आयुकात बरीच वर्षे मुलांसाठी खेळणी बनवीत होते.

याहून मोठी गोष्ट परीक्षेची. आठवीच्या परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवायला परवानगी होती, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होई. शिक्षकांना उन्हाळ्यात प्रशिक्षण मिळे आणि दरमहा त्यांची बैठक होई. तिथे शिक्षक उघडपणे म्हणत, "हे मला येत नाही, शोधू या." आपल्याकडे किती गुरुजी असे म्हणतात?

१९७८ साली ही पद्धत सबंध जिल्ह्यात लागू झाली. १९८२ साली हे काम पुढे नेण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली. नाव बघा! ज्याचा अंगठा गुरूने मागून घेतला, त्याचे नाव. या संस्थेने पुढे सहावी ते आठवीच्या समाजशास्त्राचीही नवी पुस्तके केली. निसर्गाबद्दल प्रश्न विचारणारे मूल समाजाबद्दलही विचारणारच, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या मुंबईतही याच सुमारास एक काम झाले. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांना आठवीपासून हाती धरले. भाषा सोपी केली, मुलांना बोलते केले, शंका विचारायची सवय लावली. शालान्त परीक्षेत या मुलांची प्रगती ठळकपणे दिसली. आपली पोरे डोक्याने मागे नव्हतीच बरं का, त्यांना संधी आणि भाषा मिळाली नव्हती.

मग होशंगाबादचे पुढे काय झाले? २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. या मुलांना पुढच्या वर्गांत अडचण येते, राज्यभर एकच पुस्तक हवे, असे आक्षेप होते. शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी विरोध केला, पण तीस वर्षांचे काम थांबले. आमच्या मते यातला धडा स्पष्ट आहे. सरकारच्या हुकमावर चालणारे काम हुकमाने बंदही होते. त्यामागे आईबापांचा भक्कम आधार लागतो. आणि आईबापांची काळजी खोटी नसते. मार्क पडले नाहीत तर आपल्या लेकराला दुसरा आधार नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? पण समजून शिकलेले मूल परीक्षेतही उभे राहते, हे मुंबईच्या मुलांनी दाखवून दिले आहे.

आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा मानला आहे आणि करून शिकण्यावर भर दिला आहे. कागदावर चांगले आहे. पण ते येईल तेव्हा येईल, विहाराने वाट का बघावी?

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. मुलांनी कोवळ्या पानांच्या देठांना रंगीत दोरे बांधले आणि रोज रंग लिहून ठेवला. कोणते पान किती दिवसांत हिरवे झाले, याचे आकडे प्रत्येकाच्या वहीत वेगळे आले. मग वाद रंगला, की उन्हातले पान आधी हिरवे होते की सावलीतले? कोवळ्या पानात तांबडे रंगद्रव्य असते आणि हिरवे हरितद्रव्य नंतर वाढते, हे आम्ही शोधून सांगितले. ते सांगण्याआधीच मुलांनी निम्मे ओळखले होते.

बंधू-भगिनींनो, आपले मूल घरी प्रश्न घेऊन आले तर त्याला गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर "चल, शोधू या" म्हणा. विहाराची अभ्यासिका त्यासाठी उघडी आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!